खर्ऱ्याचा दाता

लोखंड ठोकायचा छंद कोणाला असतो का, असं मयुरीनं लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मला विचारलं होतं. नागपुरातले लोक रविवारी फुटाळा तलावावर जातात, सावजीकडून रस्सा आणतात, नाहीतर पंखा लावून निवांत झोपतात. मी सक्करदऱ्यातल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात भट्टी पेटवून सुऱ्या घडवतो. शेजारी मला अर्धवट समजतात, पण विळीला धार लावायची वेळ आली की गुपचूप माझ्याच दारात येतात.

माझी नोकरीही पोलादाचीच आहे. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी प्रयोगशाळा सांभाळतो. पोलादाचा तुकडा कापायचा, बेकेलाइटच्या काळ्या वडीत पक्का बसवायचा, फिरत्या चकतीवर आरशासारखा घासायचा, त्याला आम्ल लावायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. आम्ल लागलं की पोलादाच्या आतली रचना वर दिसायला लागते. तपासल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही. हा माणूस पोह्यातला प्रत्येक शेंगदाणा तपासून खातो, असं मयुरी पाहुण्यांना सांगते. ते फारसं खोटं नाही.

मी घडवतो त्या सुऱ्यांच्या पात्यात नक्षी असते. त्यासाठी दोन जातींच्या पोलादाचे पातळ तुकडे एकावर एक रचायचे, त्यांवर टाकणखार भुरभुरायचा, भट्टीत पिवळेधमक होईपर्यंत तापवायचे आणि ऐरणीवर ठोकून एकजीव करायचे. मग तो ठोकळा लांबवून त्याची घडी घालायची आणि पुन्हा ठोकायचा. सगळं घासून झाल्यावर पातं फेरिक क्लोराइडमध्ये बुडवलं की एका जातीचे थर काळे पडतात आणि दुसऱ्या जातीचे लखलखत राहतात. लाकडाच्या रेषांसारखी किंवा पाण्यावरच्या तरंगांसारखी काहीतरी नक्षी उमटते. ती कशी येईल हे घडवणाऱ्यालाही आधी सांगता येत नाही. पातं द्रावणातून बाहेर काढतो तेवढ्या क्षणासाठी मी सगळी ऊरस्फोड करतो.

आमचं घराणं मूळचं उमरेडचं, विणकरांचं. माझे बाबा, नत्थूजी, सक्करदऱ्याच्या याच घरात पुढच्या खोलीत हातमाग चालवायचे. खाली पाय सोडून बसायला जमिनीत खड्डा होता. पॉवरलूमनं पोट भरेनासं केलं तेव्हा बाबा एका दुकानात राखणदारीला लागले, पण माग त्यांनी काढू दिला नाही. सकाळी थोडा वेळ ते खड्ड्यात उतरायचेच. उभ्या आयुष्यात त्यांनी दुसऱ्यांच्या बायकांसाठी करवतकाठी लुगडी विणली. करवतीच्या दात्यांसारखे टोकदार दाते ज्याच्या काठावर असतात, ते हे लुगडं. माझ्या आईच्या, भागीरथाबाईच्या, अंगाला मात्र नवऱ्याच्या हातचं लुगडं कधी लागलं नाही. घरात ठेवणं परवडायचंच नाही. म्हातारपणी बाबांनी तिच्यासाठी म्हणून एक नऊवारी लुगडं मागावर चढवलं. हळदीच्या रंगाचं अंग आणि मेंदीच्या लाल रंगाचा काठ.

ते अर्ध्यावर आलं तेव्हा बाबा गेले. शेवटच्या आठवड्यात ते आईला म्हणाले होते, "भागीरथा, हे लुगडं नेसल्याशिवाय माह्या मांगं येऊ नको." आई म्हणाली होती, "आधी पुरं तर करा, मंग पाहू."

पुढे माग विकला. खड्ड्यात मुरूम भरून वर टाइल बसवली. तिथे टिचकी मारली तर अजून पोकळ आवाज येतो. आईला जागा गार वाटते म्हणून ती वाटाणे सोलायला तिथेच बसते. मागावरून लुगडं काढताना मात्र तिनं कोणाला कैची लावू दिली नाही. आमच्यात विणणारा पुरुष कापड कापत नाही. पुरं झालं की घरची बाई कापते, आणि कापलं नाही तोवर ते मागावरच आहे असं धरतात. बाबा तिला हाक मारायचे, "भागीरथा, काप." आई ओल्या हातानं स्वयंपाकघरातून यायची. आता हाक मारणारं कोणी नव्हतं. म्हणून विणलेलं कापड आणि पुढचे न विणलेले ताण्याचे उभे दोरे असं सगळं एकत्र गुंडाळून तिनं पेटीत ठेवलं. विणकाम जिथे थांबलं होतं तिथे एक काळा दोरा बांधून ठेवला.

गेल्या उन्हाळ्यात तिला हृदयविकाराचा झटका आला. वाचेल की नाही याची डॉक्टरांना खात्री नव्हती. ही बाई नळ्या लावलेल्या अवस्थेत त्यांना म्हणाली, "माहं लुगडं अर्धं हाय डॉक्टरसाहेब. मी कुठं जात नाही." आणि खरंच उठून घरी आली. तेव्हापासून ही आमच्या घरातली थट्टाच झाली. ती खोकली की मयुरी म्हणायची, "आई, लुगडं अर्धं आहे बरं का." आई बोळक्या तोंडानं हसायची. तिचे पुढचे दात बाबांच्या मागापायी गेले. कांड्या भरताना दोरा दातांनी तोडून तोडून त्यांना खाचा पडल्या होत्या. तिच्यासाठी कवळी करून आणली, पण ती टोचते म्हणून स्वयंपाकघराच्या फळीवर वाटीतल्या पाण्यात पडलेली असते. आई वरण-भातावर आणि आंबिलीवर खूश असते.

थंडी पडली तशी मी नव्या सुरीची तयारी सुरू केली. काळ्या थरासाठी ट्रकच्या कमानीचा पाटा होता. लखलखत्या थरासाठी आरामशीनचा तुटका पट्टा मिळाला होता. मी अंगणात तुकडे रचत असताना आई आतून एक गंजलेली चौकट घेऊन आली. ती बाबांच्या मागाची फणी होती, माग विकला तेव्हा तिनं ठेवून घेतलेली. या फणीत पोलादाच्या पातळ पात्या दाटीनं बसवलेल्या असतात आणि ताण्याचा एकेक दोरा त्यांच्यामधून जातो.

"घे. नुसती गंजून राहिली. कोणत्या कामी तरी येईन."

मी पात्या सोडवल्या, घासल्या आणि पाट्याच्या तुकड्यांमध्ये थर म्हणून घातल्या. बाबांचं काहीतरी या सुरीत राहील, असा एक हळवा विचार मनात आला. मी तो फार वेळ राहू दिला नाही, कारण भट्टी तापली होती.

त्या सकाळी ठोकताना हात नेहमीसारखा चालत नव्हता. मी एक घाव कामावर घालतो, मग हातोडा ऐरणीवर हलकेच उसळू देतो. त्या दिवशी मध्येच एक थांबा पडत होता. घाव, उसळी, थांबा. मोडायचा प्रयत्न केला तरी हात पुन्हा त्याच तालावर यायचा. थोड्या वेळानं आई दारात येऊन उभी राहिली.

"पंकज, लोखंड ठोकून राहिला का माग चालवून राहिला गा?"

मी हसलो. लहानपणी ज्या आवाजात झोपलो आणि उठलो तो ताल हाताला लागणं साहजिक आहे, असं मी स्वतःला समजावलं. आजही मला ते कारण पटण्यासारखं वाटतं.

सुरी आकाराला आली. टोकाकडचा जास्तीचा तुकडा मी कापून बाजूला ठेवला, पात्याला पाणी दिलं, घासलं आणि एका रविवारी सकाळी द्रावणात सोडलं. बाहेर काढून नळाखाली धरलं. पात्यावर नेहमीसारख्या वळणावळणाच्या रेषा होत्या. पण मुठीजवळ, पात्याच्या पाठीच्या कडेनं, बारीक टोकदार दात्यांची एक ओळ होती. ओळ चार-सहा दात्यांची असेल आणि पुढे नुसते तरंग.

असा नमुना काढता येतो. त्यासाठी पात्यात आधी कानशीनं खाचा पाडाव्या लागतात. मी खाचा पाडल्या नव्हत्या. मला भीती वाटली नाही, उलट अंगावर आनंदाचा काटा आला. थरांत कुठेतरी योगायोगानं असा पीळ पडला असणार आणि तो कसा पडला हे मला शोधायचं होतं. पातं पुसून मी आईला दाखवायला आत नेलं. तिनं चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिलं. मग ओळीतल्या एका दात्यावर नख ठेवलं. तो दाता बाकीच्यांपेक्षा आखूड होता.

"हा तं खर्ऱ्याचा दाता हाय," ती म्हणाली.

मला आठवलं आणि हसूही आलं. बाबांना खर्ऱ्याचं, सुपारी-तंबाखू घोटलेल्या पुडीचं, व्यसन होतं. विणता विणता हात पुडीकडे जायचा, दात्यांची मोजणी चुकायची आणि काठात एक दाता आखूड पडायचा. व्यापारी त्यावरून त्यांना बोल लावायचे. घरात आम्ही त्याला खर्ऱ्याचा दाता म्हणायचो. दुसऱ्या कोणत्याही विणकराच्या काठात ती चूक नव्हती. नत्थूजींचं कापड बाजारात त्यावरूनच ओळखू यायचं.

"योगायोग आहे आई."

"हाव का?" एवढं म्हणून ती पुन्हा वाटाण्यांकडे वळली.

पात्यावर काही ओरखडे राहिले होते. पुढच्या रविवारी ते घासून काढले आणि पातं पुन्हा बुडवलं. घासल्यावर वरचे थर निघून खालचे उघडे पडतात, त्यामुळे नक्षी थोडी बदलते हे मला माहीत होतं. पण दात्यांची ओळ आता पात्याच्या मध्यापर्यंत गेली होती. आधीचे दाते जागच्या जागी होते, पुढे नवे आले होते. नव्यातही एक आखूड होता.

मला राहवेना. कापून ठेवलेला टोकाचा तुकडा मी सोमवारी प्रयोगशाळेत नेला, वडीत बसवला, घासला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. साधे थर होते, कुठे दाते नव्हते, जोडही चांगले बसले होते. आमच्या प्रयोगशाळेतल्या हर्षानं डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "किती सुंदर आहे सर! राहू द्या ना इथंच." मी वडी खणात टाकली आणि विसरून गेलो.

घरी आलो तर आईनं पेटी उघडली होती. पुढच्या खोलीत, त्याच गार टाइलवर, लुगड्याची गुंडाळी सोडून ती बसली होती. मयुरी तिच्याजवळ टेकली होती. दोघींच्या मध्ये कापडाचा काठ पसरलेला होता.

"हे पाह्य गा," आई म्हणाली. "मी काया दोरा कुठं बांधला होता?"

"विणकाम संपलं तिथे."

"मंग आता पाह्य."

काळा दोरा कापडाच्या आत होता. त्याच्या पुढे वीतभर कापड विणलेलं होतं. हळदीचं अंग, लाल काठ, टोकदार दाते, एक आखूड. त्यापुढे न विणलेले दोरे मोकळे पडले होते.

मी तपासणारा माणूस आहे, म्हणून मी तपासलं. आईनं दोरा चुकून मागे बांधला असेल. पण काळ्या दोऱ्याच्या जागी कापडाला त्याचा वळ पडला होता, तो कित्येक महिन्यांचा होता. कोणी विणलं असेल म्हणावं तर घरात माग नव्हता, आणि फणी मीच सुरीत ठोकून टाकली होती. मी विणकाम संपलं होतं त्या ओळीत एक सेफ्टी पिन लावली, आईच्या देखत पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्याकडे ठेवली.

"ह्यांचा आपल्यावर विश्वास नाही, असं म्हणा ना आई," मयुरी हसत म्हणाली. पण ती माझ्याकडे पाहत नव्हती, पेटीकडे पाहत होती.

त्यानंतरच्या रविवारी पातं पुन्हा घासून बुडवलं आणि सरळ पेटी उघडली. पिन वीतभर आत गेली होती. नवीन कापड किंचित ओलसर होतं आणि त्याला खळीचा, आंबट तांदळाच्या पेजेचा वास येत होता. लहानपणी ताण्याला खळ लावायचे त्या दिवशी पूर्ण घराला यायचा तोच वास.

त्या महिन्यात मी जितका जिवंत होतो तितका त्याआधी कधी नसेन. पुन्हा पुन्हा पातं बुडवायचं, पुन्हा पेटी उघडायची. जाड कागदानं घासून पाहिलं, बारीक कागदानं पाहिलं. द्रावण पातळ केलं तर कापड कमी वाढायचं. दाट केलं तर जास्त. नुसतं घासलं आणि बुडवलं नाही, तर काहीच व्हायचं नाही. नियम होता. नियम आहे म्हणजे कारणही असणार आणि ते मला सापडणार, अशी माझी खात्री होती. आईही खूश होती. ती कापडावर वीत टाकून मोजायची, काठावरून बोट फिरवायची, आणि कधी कधी त्या कापडाशी हलक्या आवाजात बोलायची. बाबा होते तेव्हाही ती त्यांच्याशी अशीच बोलायची, त्यांच्याकडे न बघता.

मग एके दिवशी मोजता मोजता ती म्हणाली, "झालं. आता फक्त पदर राहिला."

मी तिच्याशेजारी उकिडवा बसलो होतो. माझ्या हाताला अजून द्रावणाचे पिवळे डाग होते. हे लुगडं नेसल्याशिवाय माह्या मांगं येऊ नको. वाक्य मला बाबांच्या आवाजात आठवलं, आणि आमच्या घरातली थट्टा मला पहिल्यांदा नीट ऐकू आली. अर्धं लुगडं तिला इथे धरून होतं. मी दर रविवारी ते पुरं करत होतो.

मी सुरीला तेल लावलं, बाबांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळली आणि भट्टीजवळच्या लोखंडी पेटीत कुलूपबंद केली.

"काहून थांबला?" पुढच्या रविवारी आईनं विचारलं.

"द्रावण संपलं."

"मंग आणत काहून नाई?"

"कारखान्यात नाही सध्या."

तिनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी शाळा बुडवून सक्करदरा तलावावर गेलो की पाहायची तसं. "बाप्पा, मी काई आज जाऊन नाई राहिली," ती म्हणाली. "पण तुहे बाबा एवढं करून राहिले तं करू दे ना त्याईले. आयुष्यभर दुसऱ्याईचीच विणली."

"मला तू हवी आहेस," मी म्हणालो. असं मी आईला कधी म्हटलं नव्हतं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि वाटाणे सोलायला घेतले.

माझा हात शिवशिवायचा. पदराची नक्षी कशी येईल हे मला पाहायचं होतं, अगदी खरं सांगतो. पण मी कुलूप उघडलं नाही. थंडी सरली, उन्हं तापायला लागली, कूलरच्या टाकीत पाणी भरायचे दिवस आले. आई बरी होती. पेटीची किल्ली आईकडे देऊन मी तिकडे पाहायचंच सोडून दिलं. मला वाटलं, मी तिला राखली.

एका दुपारी प्रयोगशाळेत घासण्याची चकती नीट चालत नव्हती. हर्षानं सहज खण उघडून एक काळी वडी काढली, चकतीवर धरली, आम्लाचा बोळा फिरवला आणि उजेडात धरून पाहिली.

"चकती ठीक आहे सर. कापड बदलावं लागेल फक्त."

"हे काय आहे?"

"तुमचीच तर आहे. ह्याच्यावर ओरखडा लगेच दिसते, म्हणून महिनाभरापासून आम्ही रोज ह्याच्यावरच चेक करतो. तिन्ही शिफ्टमध्ये. तुम्हाला सांगतलं नव्हतं का?"

मी तिच्या हातातून वडी घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

तुकडाभर दाते होते. सरळ, टोकदार, मधूनच एक आखूड. मी काच सरकवत गेलो. दाते संपले, मग पदराचे आडवे पट्टे आले, एकाखाली एक. मग तेही संपले. शेवटच्या कडेला नुसत्या उभ्या रेषा होत्या, समांतर, बारीक, आणि त्यांना छेदणारी एकही आडवी रेषा नव्हती.

"सर? बरं वाटून नाई राहिलं का?"

काटोल रोडवरून मी गाडी कशी आणली ते आठवत नाही. उन्हाच्या झळा डांबरावर हलत होत्या.

दार मयुरीनं उघडलं. तिचा चेहरा उजळलेला होता. "आईनं पाहा काय नेसलं! उमरेडच्या कोणत्या तरी विणकराकडून पुरं करून घेतलं म्हणतात. मीच निऱ्या धरल्या. किती छान दिसून राहिल्या."

आई पुढच्या खोलीत पाटावर बसली होती. हळदीचं लुगडं, लाल काठ. मी तिला इतकी सुंदर कधीच पाहिली नव्हती. ती जिवंत होती. श्वास घेत होती. मी तिच्या पायाशी बसलो आणि रडलो.

"काहून रडतं गा?" ती म्हणाली. "कुठं झालं अजून? कापलं कुठं?"

तिनं पदर उचलून दाखवला. पदराच्या शेवटी ताण्याचे दोरे मोकळे होते आणि ते खाली लोंबत नव्हते. वीतभर पुढे जाऊन टाइलच्या फटीत शिरले होते. पोकळ आवाजाच्या त्या टाइलच्या.

मयुरी म्हणाली, "अडकले आहेत कुठं तरी. मघापासून ओढून राहिली मी."

मी दोरे चिमटीत धरले आणि हलकेच ओढले.

कोणीतरी तितक्याच हलक्या हातानं परत ओढले.

"तुहा चाकू आण," आई म्हणाली. "त्याईनं हाक मारली की कापीन."

मी उठलो. कापलं नाही तोवर ते मागावरच आहे. ही आमची रीत मला त्या क्षणी देवासारखी वाटली. मी पोतं घेतलं आणि घरातली विळी, सुऱ्या, कैची, किसणी, माझं दाढीचं ब्लेड, मयुरीचा नेलकटर, सुईदोऱ्याचा डबा, सगळं त्यात भरलं. भट्टीजवळची पेटीही उचलली. सगळं कळमेश्वरला नेऊन प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवलं. लोकांना सुऱ्या देणाऱ्या माणसाच्या घरात आता कांदा चिरायला काही नाही. मयुरी भाजी बाजारातून चिरून आणते आणि माझ्याशी कामापुरतंच बोलते. टाइल फोडू या, असं ती एकदा म्हणाली. त्यावर मी इतका ओरडलो की तिनं पुन्हा विषय काढला नाही.

आई तिथेच बसते, तिथेच जेवते, तिथेच निजते. तक्रार नाही. लुगडं बदलू देत नाही. कधी कधी मान तिरपी करून ऐकते. पूर्वी स्वयंपाकघरात काम करता करता मागाच्या खोलीकडे कान लावायची, तशी.

दोरे आधी वीतभर मोकळे होते. आता तितके नाहीत. तिचा पाट रोज थोडा सरकतो.

आज रविवार. सकाळी मी अंगणात उगाच थंड भट्टीसमोर बसून होतो. बाबा हाक मारायचे ती याच वेळेला. आतून काही ऐकू आलं असं मी म्हणणार नाही. मयुरी बाजारात गेली होती. स्वयंपाकघरात वाटी फळीवर टेकल्याचा आवाज झाला, आणि मग आईची अनवाणी पावलं पुढच्या खोलीकडे गेली. तिला इतकं दूर येता यावं एवढे दोरे कोणी सैल सोडले, हे मला कळलं नाही.

मी आत आलो. फळीवरच्या वाटीत नुसतं पाणी होतं, अजून हलत होतं.

आई टाइलवर बसली होती. दोन्ही हातांनी पदराचे दोरे एकत्र करून तिनं तोंडाजवळ धरले होते. मला पाहून ती हसली. कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडात वरचे-खालचे सगळे दात होते.